नाताळची भेट आईच्या हातून: नागपुरात पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की नागपुरात मदतीची इच्छा असलेले पुष्कळ जण भेटतात. ऑफिसातला ग्रुप असतो, सोसायटीतल्या मैत्रिणी असतात, कॉलेजची मुलं असतात, चर्चचा युवक संघ असतो. "नाताळात गरीब मुलांसाठी काहीतरी करू या" इथपर्यंत सगळे पहिल्याच बैठकीत येतात. पुढे गाडी अडते. कुठे जायचं, काय घ्यायचं, कोणाला विचारायचं, काहीच ठरत नाही. मग शेवटच्या आठवड्यात केक, चॉकलेटं आणि लाल टोपी घेऊन जवळच्या एखाद्या बालगृहात जाणं होतं. त्या दिवशी तिथे आधीच दोन केक कापून झालेले असतात आणि तिसऱ्यासाठी मुलांना पुन्हा ओळीत बसवलं जातं.

हे टाळता येतं. त्यासाठी फार पैसा लागत नाही, थोडं आधी सुरू करावं लागतं आणि एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. माझ्या मते ती गोष्ट अशी: भेट मुलाला त्याच्या आईबापाच्या हातून मिळाली पाहिजे, आपल्या हातून नाही. आपण चार दिवसांचे पाहुणे. आई मात्र रोजची. अनोळखी माणसांनी येऊन आईला जे जमत नाही ते मुलाला दिलं, तर मुलाला वस्तू मिळते, पण आईची मान खाली जाते. तीच वस्तू आईने निवडून, गुंडाळून, २४ तारखेच्या रात्री उशाशी ठेवली तर घरात सण होतो. ज्या संत निकोलसवरून सांताक्लॉज आला, तो चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. तीन गरीब मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी त्याची आख्यायिका आहे. देणारा दिसू नये, हे नाताळच्या दानात पहिल्यापासूनच आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विचारातून आल्या आहेत.

आधी वस्ती ठरवा, आणि एकच

शहरभर वाटप करायचा मोह आवरा. पहिल्या वर्षी वीस-पंचवीस मुलं पुरेत. एका अंगणवाडीची सगळी मुलं घ्या, किंवा एका गल्लीतली, किंवा महानगरपालिकेच्या शाळेतला एक वर्ग. "सगळी" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शेजारच्या घरातल्या मुलीला स्वेटर मिळाला आणि आपल्याला नाही, हे सहा वर्षांच्या पोराला कोणत्याच शब्दांत समजावता येत नाही. पन्नास मुलांच्या वस्तीत वीस वस्तू नेऊ नका. पैसे वीस जणांपुरते असतील तर वीस मुलांचा घट्ट गट शोधा.

वस्तीत शिरायचा रस्ता अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शाळेचे मुख्याध्यापक यांच्यातून जातो. सहा वर्षांखालच्या मुलांची नावं, वयं, वजनं सेविकेच्या नोंदीत असतात. कोणाचे वडील कामावरून पडले, कोणाची आई बाळंत झाली आहे, हेही तिला माहीत असतं. नोंदवही मागू नका, ती माहिती मुलांची आहे. तुम्हाला काय करायचं आहे ते सांगा आणि "ताई, हे इथे चालेल का, आणि कसं केलेलं बरं?" असं विचारा. ती नाही म्हणाली तर दुसरीकडे जा. जबरदस्तीने केलेली मदत नंतर तिलाच निस्तरावी लागते.

शहराच्या कडेला वीटभट्ट्यांवर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आलेली कुटुंबं हिवाळा-उन्हाळा राहतात. तिथली मुलं बहुतेकदा कोणाच्याच यादीत नसतात. उघड्या माळावर, विटांच्या आडोशाला थंडी काढणाऱ्या या मुलांकडे कोणीतरी बघायला हवं, असं मला फार वाटतं. पण तिथे थेट गाडी नेऊन उभी करू नका. भट्टीमालक आणि ठेकेदार दोघांशी आधी बोला, दिवसा जा. आईबाप हिंदी किंवा छत्तीसगढी बोलतात, तेव्हा बोलणारा माणूस सोबत घ्या.

सणाबद्दल आधीच मोकळेपणाने बोला

ज्या वस्तीत तुम्ही जाल तिथे बौद्ध, हिंदू, मुस्लिम, गोंड, ख्रिस्ती अशी सगळी घरं असू शकतात. नाताळ नागपूरला परका नाही. हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून इथे आहे. उत्तर भारतातले सहा ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्याच शहरात. सदर, मोहननगर भागात नाताळच्या रात्री सर्व धर्मांची माणसं रोषणाई बघायला येतात. तरीही मुलांच्या हातात काय पडतं याबद्दल पालकांच्या मनात शंका येऊ शकते, आणि ती शंका त्यांचा हक्क आहे.

म्हणून नियम साधा ठेवा. भेटीच्या पिशवीत कुठलंही धार्मिक पत्रक नाही, वाटपाआधी प्रार्थनेची अट नाही, "येशूबाप्पाने पाठवलं" असं सांगणं नाही. तसंच भेट घेणाऱ्याला कुठल्याही देवाचा जयजयकार करायला लावणं नाही, उमेदवाराचं नाव छापलेली पिशवी नाही. तुम्ही ख्रिस्ती असाल आणि श्रद्धेपोटी हे करत असाल तर विचारणाऱ्याला ते प्रांजळपणे सांगा, लपवू नका. पालकांना हे सगळं वाटपाच्या निदान आठवडाभर आधी कळलेलं असावं.

यादी: पावलाचा कागद सगळ्यात कामाचा

अमेरिकेत मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने) १९७९ मध्ये एक पद्धत सुरू केली, ती आज जगभर चालते. मॉलमधल्या नाताळवृक्षावर चिठ्ठ्या लावायच्या. एका चिठ्ठीवर एका मुलाचं वय, माप आणि इच्छा. येणाऱ्याने चिठ्ठी उचलायची आणि तेवढी खरेदी करायची. नागपुरातल्या ऑफिसात किंवा सोसायटीच्या जिन्याशी हे सहज करता येतं. फक्त चिठ्ठीवर मुलाचं पूर्ण नाव, वस्ती, शाळा लिहू नका. "क्रमांक ७, मुलगी, ८ वर्षं" एवढं बस. क्रमांक कोणाचा, हे तुमच्यापैकी दोघांनाच माहीत असू द्या.

माप घेताना वयावर विसंबू नका. वस्तीतली आठ वर्षांची मुलगी पुष्कळदा सहाच्या मापाची असते. कपड्यासाठी सध्या अंगात बसणाऱ्या फ्रॉकचा किंवा शर्टाचा नंबर बघा आणि एक नंबर मोठा घ्या. बुटासाठी मुलाला कागदावर उभं करून पेन्सिलने पावलाची कड काढा, त्या कागदावर क्रमांक लिहा आणि तोच कागद दुकानात न्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. या एका कागदामुळे निम्मी फजिती वाचते.

प्रत्येक मुलासाठी दोन गोष्टी लिहून घ्या, एक लागणारी आणि एक आवडणारी. लागणारी आईला विचारा. आवडणारी मुलाला विचारा, पण वचन देऊ नका. "मोबाइल", "सायकल" अशी उत्तरं येतीलच. तेव्हा "आणखी काय आवडतं?" असं विचारून पुढे जायचं. प्रत्येक मुलामागे खर्चाची एक मर्यादा ठरवा, समजा ५०० रुपये, आणि ती सगळ्यांनी पाळा. एखाद्या दात्याने प्रेमापोटी दोन हजारांचं खेळणं आणलं तर ते अंगणवाडीला सामायिक द्या.

तारखा नागपूरच्या पंचांगाने ठरवा

यादीचं काम नोव्हेंबरच्या मध्याला, दिवाळीची धावपळ ओसरली की सुरू करा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. आपल्याकडच्या वस्त्यांमधली अनेक कुटुंबं चैत्यभूमीला दर्शनासाठी मुंबईला गेलेली असतात, तेव्हा त्या आठवड्यात बैठक, मापं, काहीच ठेवू नका. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. मोर्चे, बंद रस्ते आणि बंदोबस्त यांमुळे सिव्हिल लाइन्स, सदर, बर्डी या भागांत सामानाची गाडी तासन्‌तास अडकू शकते. खरेदी अधिवेशनाआधी उरका किंवा रविवारी करा.

वस्तू गोळा करण्याची शेवटची तारीख १२-१३ डिसेंबर ठेवा. लोक उशीर करतातच, त्यासाठी आठवडा हाताशी राहतो. पालकांना सुपूर्द करायचा दिवस २० ते २३ च्या दरम्यानचा रविवार किंवा सुटीचा दिवस. सरकारी आणि महापालिकेच्या शाळांना नाताळची सुटी २५ तारखेची एकच असते, तेव्हा कॉन्व्हेंटच्या लांब सुटीचा हिशोब इथे धरू नका.

काय घ्यायचं

पहिला मान उबदार कपड्यांचा. नागपूर म्हणजे उन्हाळा, असं बाहेरचे समजतात. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. टिनाच्या छपराखाली ती रात्र काय असते, ते पक्क्या भिंतीच्या घरात बसून कळत नाही. आणि विदर्भात थंडीचा प्रश्न नुसत्या कुडकुडण्याचा नाही. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी लागणं आणि पाणी कमी पिणं ही वेदनेचा झटका येण्याची नेहमीची कारणं. अशा मुलासाठी चांगला स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे म्हणजे औषधाच्या जोडीची गोष्ट आहे. सेविकेला किंवा आशाताईला हे सांगून ठेवा. कोणतं मूल आजारी आहे हे त्यांनी तुम्हाला सांगायची गरज नाही, त्या घरी जाड ब्लँकेट पोचलं की झालं.

नवीनच घ्या. जुने कपडे देऊ नयेत असं नाही, पण ते वर्षभरात कधीही द्या, नाताळची भेट म्हणून नको. घाऊक कापड आणि ब्लँकेटसाठी गांधीबाग, इतवारी. फुटकळ खरेदीसाठी बर्डीची मेनरोड. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते स्वेटरचे स्टॉल लावतात. तिथे एकदम वीस नग घेतले तर भाव कमी होतो आणि माप चुकलं तर बदलूनही मिळतं, मात्र ते आधी बोलून घ्यावं.

खेळणी. सेलवर चालणारी गाडी आठवड्यात बंद पडते आणि नवा सेल घरच्या खर्चात बसत नाही. त्यापेक्षा फुटबॉल, दोरीच्या उड्यांची दोरी, प्लास्टिकची बॅट, रंगखडूंचा डबा, चित्रांची पुस्तकं. फुटबॉलबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या पोरांना घेऊन झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला आणि इथली मुलं परदेशी मैदानांवर खेळून आली. चांगला फुटबॉल आणि सोबत हवा भरायचा पंप एका गल्लीला मिळून दिला तर वर्षभर वापरला जातो. पंप विसरू नका, बिनहवेचा चेंडू कोपऱ्यात पडून राहतो. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे, ते बघून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुटणारे छोटे भाग, मणी, गोटी नको, आणि चपटे गोल बॅटरी सेल असलेलं काहीही नको. ते सेल गिळले गेले तर अन्ननलिका भाजते.

खाऊ म्हणून केकचा आग्रह सोडून द्या. काही घरांत अंडं चालत नाही, आणि क्रीमचा केक दुपारच्या उन्हात टिकत नाही. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. कळमन्याच्या बाजारातून घाऊक भावाने आणता येतात. युरोप-अमेरिकेत नाताळच्या मोज्यात मुलांसाठी संत्रं ठेवायची जुनी रीत आहे, निकोलसच्या सोन्याची खूण म्हणून. आपल्या दाराशी पिकणारं फळ या सणात इतकं चपखल बसतं, याचा मला मनापासून आनंद होतो. घरटी डझनभर द्या.

पैशांचा हिशोब

ओळखीच्या दहा जणांनी आपसात पैसे काढले तर एक वही आणि सगळ्या बिलांचे फोटो पुरे. पण लोकांकडून जाहीर वर्गणी मागणार असाल आणि तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. ही यातायात नको असेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या, कोणा एकाच्या यूपीआयवर नकोत.

करसवलत हवी असेल तर तीन गोष्टी विचारा. संस्थेकडे ८०जीची मान्यता आहे का, देणगीचं प्रमाणपत्र मिळेल का, आणि तुम्ही स्वतः जुन्या करप्रणालीत आहात का. नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला धरत नाहीत. वस्तूंवरही सवलत नाही, स्वेटरच्या बिलाचा त्यासाठी उपयोग नाही. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मुलाने पैसे पाठवायचे असतील तर त्याचं पारपत्र बघा. भारतीय पारपत्र असेल तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल तर परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ते पैसे घेता येतात.

सुपूर्द करण्याचा दिवस

इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण बाकी सगळं नीट करूनही पुष्कळ जण इथेच घाईला येतात.

मंच नको, माईक नको, बॅनर नको, रांग नको. अंगणवाडीची किंवा समाजभवनाची खोली घ्या. टेबलांवर वस्तू दुकानासारख्या मांडा. एकीकडे मापाप्रमाणे कपडे आणि बूट, त्यावर फक्त क्रमांकाची चिठ्ठी. दुसरीकडे खेळणी आणि पुस्तकं, मुलांच्या संख्येपेक्षा पाच-सात जास्त, म्हणजे शेवटी येणाऱ्या आईलाही निवड करता येते. मुलांना बोलावू नका, फक्त पालक. वेळ त्यांना विचारून ठरवा. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाया दुपारी मोकळ्या होतात, बांधकामावरचे लोक अंधार पडल्यावर. कोणाची रोजी बुडता कामा नये.

आईला कपड्याचं पाकीट द्या आणि खेळणं तिलाच निवडू द्या. वेळ लागला तर लागू द्या. तुम्हाला वाटेल मुलीला बाहुली हवी, पण तिला माहीत असतं की मुलगी भावाची बॅट पळवते. मग वेष्टणाचा कागद, चिकटपट्टी आणि कात्री असलेल्या टेबलाशी तिला बसवा, हवी तर मदत करा. काही जणी कागद घरी नेतात, तेही चांगलं. बाहेर पडताना साधी, नाव नसलेली कापडी पिशवी द्या. कोणाच्या हातात काय आहे हे गल्लीला दिसायची गरज नाही.

काही पालकांना फुकट घेणं जड जातं. त्यांच्यासाठी दहा-वीस रुपयांचा डबा ठेवायचा, आणि जमलेले पैसे अंगणवाडीला द्यायचे, असं करता येतं. टाकायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, आणि डब्याकडे कोणी बघत बसायचं नाही.

फोटो हवाच असेल तर मांडलेल्या टेबलांचा काढा, माणसं येण्याआधी.

बालगृहात जायचं असेल तर

बालगृहातल्या मुलांना भेट देणारे आईबाप सोबत नसतात, तेव्हा तिथे त्यांच्या ताई, काकू, अधीक्षक यांच्या हातून द्या. आधी संस्थेची बाल न्याय अधिनियम, २०१५ खालची नोंदणी विचारा. कलम ४१ प्रमाणे ती बंधनकारक आहे, आणि चांगली संस्था कागद दाखवायला कचरत नाही. त्याच कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. केक भरवतानाचा फोटो स्टेटसला टाकण्याआधी हे आठवा. कायदा नसता तरी टाकू नयेच.

२५ डिसेंबरला तिथे गर्दी असते आणि फेब्रुवारीत कोणी फिरकत नाही. अधीक्षकांना "कोणत्या महिन्यात काय कमी पडतं?" असं विचारलं तर उत्तरात आतले कपडे, सॅनिटरी पॅड, गाद्यांच्या खोळी, दहावीची मार्गदर्शकं असं काहीतरी येईल. ते द्या.

मेडिकल, मेयोतली मुलं

गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा अशा दुरून मुलांना घेऊन आलेली कुटुंबं नाताळातही मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात आणि व्हरांड्यात असतात. तिथे फुगे किंवा मऊ खेळणी घेऊन जाऊ नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना त्यांचा त्रास होतो. वॉर्डच्या सिस्टरला विचारूनच काय ते न्या. नवी, सीलबंद रंगपेटी आणि चित्रवही बहुतेकदा चालते, आणि सोबतच्या आईसाठी ब्लँकेट.

या मुलांसाठी तुम्हाला आणखी एक भेट देता येते, जिला दुकान लागत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना नियमितपणे आणि सिकलसेलच्या काही मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं. तुमचं वय १८ ते ६५ च्या आत, वजन निदान ४५ किलो आणि तब्येत ठीक असेल, तर डिसेंबरात सरकारी रक्तपेढीत जाऊन रक्त द्या. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. ऑफिसातले दहा जण वेगवेगळ्या महिन्यांत गेले तर ते एकाच दिवशी सगळ्यांनी जाण्यापेक्षा उपयोगी, कारण रक्त साठवून फार दिवस ठेवता येत नाही.

चौकातली मुलं

व्हरायटी चौकात सिग्नलला लाल टोप्या विकणारं मूल दिसलं की हात खिशाकडे जातो. पैसे दिले की त्या मुलाला उद्याही तिथेच उभं केलं जातं. मूल एकटं, आजारी किंवा घाबरलेलं वाटलं तर १०९८ वर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. ठिकाण, मुलाचं अंदाजे वय, कपड्यांचा रंग सांगा. शक्य असेल तर मदत येईपर्यंत थोड्या अंतरावर थांबा.

नंतर

पहिल्या आठवड्यात सेविकेला भेटा. कोणाचे बूट लहान झाले, कोणाचं पाकीट राहिलं, हे तिच्याकडून कळतं. बदलून द्यायला थोडे पैसे मागे ठेवलेले असावेत. सगळ्या देणाऱ्यांना खर्चाचा हिशोब पाठवा. पैसे उरले तर तेही लिहा आणि जूनसाठी राखून ठेवा. शाळा उघडताना वह्या, दप्तर, रेनकोट यांचा खर्च एकदम अंगावर येतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा वह्यांची घाऊक खरेदी मे महिन्यातच करून ठेवा. पावलांचे कागद मात्र तेव्हा नव्याने काढावे लागतील.